एका चिमटीत पाच

पुसदहून नवी एअर रायफल आणली तशी बबितानं तांड्यातल्या अंगणात कापसाचं पोतं उभं केलं. भाव पडल्यानं कापूस घरातच होता. पोत्यावर तिनं निशाण्याचा कागद टाचला.

"माल कायले खराब करून राह्यली?" लालीबाई भडकली.

"याडी, छर्रे कापसातच थांबतात," म्हणत लेकीनं पाच बार मारले.

"सगळे डावीकडं गेले. दुकानदारानं फसवलं," बाप बाबूसिंग करवादला.

लालीबाई छर्रे वेचायला बसली. जन्मभर कापूस वेचलेली बोटं तिनं पोत्यात एकदाच घातली आणि चिमूटभर कापूस ओढला. पाचही छर्रे त्यातच निघाले. तिनं तो नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

"पाचही एकाच जागी. बंदूक सरळ हाये, अन् पोरीचा हातबी."

"नेम धरायच्या साइटचा स्क्रू तेवढा फिरवते," बबिता म्हणाली.

तोवर लालीबाई स्वतःच दुसरं पोतं ओढून आणत होती.