मुकी मोटरसायकल, उरलेले पाव

पावात मीठ कमी पडतंय. उद्यापासून वाढवा.

शिंप्याने न्याहारीला पुन्हा कोरडी बिस्किटं खाल्ली आणि तो बायकोवर डाफरला.

थोरल्या जावेने गल्ल्याशेजारी दुसरी खुर्ची आणून ठेवली. वर उशीसुद्धा.

प्लग लावला की कणीक मळायचं यंत्र बंद पडतं आणि भट्टीच्या खोलीत अंधार होतो.

चौथ्या मजल्यावरून एका बाईने खाली ओरडून विचारलं, "अगं, आहेस की मेलीस?"

*

बेकरी घरचीच. थोरले दीर मालक. थोरली जाऊ गल्ल्यावर. धाकटीचा नवरा भट्टीवर, त्यामुळे भुवयांसकट पांढरा. आणि धाकटी मोटरसायकलवर: मागे क्रेट बांधून रोज सकाळी गल्लोगल्ली पाव विकायचे. लग्न झाल्यावर महिनाभर ती गल्ल्यावर बसली होती. त्या महिन्यात थोरलीने तिला सुटे पैसे कसे द्यावेत, पिशवीला गाठ कशी मारावी आणि जांभई कशी देऊ नये, हे सगळं शिकवलं. मग धाकटीने मोटरसायकल शिकून घेतली.

ती मोटरसायकल म्हणजे दमेकरी. नाव सासूने ठेवलेलं. चढावर खोकायची, उतारावर उचक्या द्यायची. शेवटी एका सकाळी एकदा मोठ्याने शिंकली आणि गेली. मेकॅनिकने इंजिन उघडलं, आत पाहिलं आणि परत झाकलं.

"हिच्यावर खर्च म्हणजे मढ्याला दागिने," तो म्हणाला.

*

"टेम्पो घेऊ," थोरले म्हणाले. "एका फेरीत सगळ्या गल्ल्या उरकतील. ड्रायव्हर ठेवू. तू आरामात गल्ल्यावर बस."

"टेम्पो शिंप्याच्या बोळात शिरणार नाही, भाऊजी."

"शिंप्याने बोळाबाहेर यावं."

"मग सायकल द्या."

"चढावर पाव ढकलत नेशील? पोचेपर्यंत टोस्ट होतील त्यांचे."

"विजेवरची मोटरसायकल घेऊ. पेट्रोल नको, ऑइल नको, चेन नको."

"आणि काही वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ आली की? घर विकायचं?"

"दमेकऱ्याचं इंजिन दोनदा उघडलं, तेव्हा किती घरं विकलीत?"

सासू हसली. थोरले हसले नाहीत, पण त्यांना राग आलेलाही दिसला नाही. ठरलं ते असं: दुकानदार विजेवरची मोटरसायकल आठवडाभर वापरायला देत होता. शनिवारी धाकटी क्रेट रिकामे घेऊन आली, तर ती गाडी घ्यायची. क्रेटमध्ये पाव उरले, तर टेम्पो, आणि धाकटी गल्ल्यावर.

थोरलीने खुर्ची आणली ती त्याच संध्याकाळी. "उशी नवीन आहे हो," ती प्रेमाने म्हणाली. प्रेमच होतं ते, आणि तीच तर भीती होती.

*

चार्जिंगचं कोडं नवऱ्याने सोडवलं. बॅटरी काढून वर घरात नेता येत होती, पण वजन मैद्याच्या अर्ध्या पोत्याएवढं आणि जिने तीन. म्हणून भट्टीच्या खोलीतच प्लग. कणीक मळताना लावला की फ्यूज उडे. मग ठरलं, आधी यंत्र, मग ट्रे आत, मग मोटरसायकल. "तिचाही नंबर लागतो आता," नवरा म्हणाला, "माझ्या आधी."

मोटरसायकल मात्र गुणी निघाली. चढ अशी चढली, जणू कुणी मागून हात लावलाय. थरथर नाही, धूर नाही, पायाला चटका नाही.

आणि क्रेट जवळजवळ भरलेले परत आले.

पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, होतं कधीकधी. दुसऱ्या दिवशी घरात रात्रीच्या जेवणालाही पावच झाले. तिसऱ्या दिवशी थोरल्यांनी एक पाव मधोमध फाडला, वास घेतला, चावला आणि भावाकडे पाहिलं.

"मीठ."

"नेहमीएवढंच आहे."

"मग यीस्ट जुनं असणार."

नवऱ्याने मीठ वाढवलं, यीस्ट बदललं, आणि शंका नको म्हणून थोडं जास्तच घातलं. पहाटे कणीक परातीतून उतरून टेबलावर आली आणि तिथून खाली जायला निघाली. बेकरीवाल्यांचं असंच असतं. आभाळ कोसळलं तरी ते आधी पीठ तपासतील.

त्यातून झालेले पाव ढगांसारखे होते. तेही परत आले.

*

"अगं, आहेस की मेलीस?"

मास्तरीणबाई. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून अर्ध्या बाहेर आलेल्या.

"रोज येतेय की!" धाकटी खालून ओरडली.

"खोटं बोलू नकोस! तुझा खोकला ऐकला की मी भांड्यात दूध ओतते. चार दिवस झाले, दूध तसंच!"

"माझा खोकला?"

"तुझ्या गाडीचा गं! आज कपडे वाळत घालायला आले म्हणून दिसलीस."

धाकटी बोळात शिंप्याकडे गेली. तो तोंडात सुई धरून म्हणाला, "आलीस होय? आम्ही आपले बिस्किटांवर."

म्हणजे पावाचं काही बिघडलंच नव्हतं. तिने कधी हाळी दिलीच नव्हती. ते काम दमेकरी फुकट करत होता.

*

गुरुवार. हॉर्न वाजवून पाहिला. एक रिक्षा बाजूला झाली, एका माणसाने शिवी दिली. खाली कुणी आलं नाही.

शुक्रवार. "पाव घ्या, पाऽव!" अशी हाळी दिली. वरून एक आजोबा म्हणाले, "नको बाई, आमची ठरलेली पाववाली आहे. येईलच इतक्यात."

"आजोबा, ती मीच!"

"छट्. तिची गाडी आम्हाला दोन गल्ल्या आधी कळते."

ती बेकरीत परतली आणि क्रेटवरच बसून राहिली. उद्या शनिवार. थोरली उशी झटकून गेली.

सासू मटार सोलत होती. सोलता सोलता तिने तळहाताची पोकळी केली, तोंडाला लावली, आणि भट्टीच्या खोलीत दमेकरी जिवंत झाला.

फट् फट् फटाक्. खॉक्. फट् फट्.

नवऱ्याच्या हातून ट्रे पडला.

"इतकी वर्षं त्याच आवाजाने जाग येतेय मला," सासू म्हणाली. "काढता येणारच. घे, तू काढून बघ."

धाकटीने काढला.

"छे, हे तर बदक झालं," नवरा म्हणाला. "चढावर दोन फटके, मग खोकला. उतारावर उचकी. आणि उचकी नाकातून."

"तुम्हीच बसा ना मग गाडीवर!"

"पोटातून काढ गं, पोटातून," सासू म्हणाली. संध्याकाळपर्यंत तिघं तेच करत होती. गल्ल्यावरून थोरलीने दोनदा निरोप पाठवला, गिऱ्हाईक विचारतंय, आत कोण आजारी आहे.

*

शनिवारी धाकटी पहिल्या वळणावर थांबली. इकडेतिकडे पाहिलं. लाज वाटत होती. मग तिला गल्ल्याची आठवण झाली.

फट् फट् फटाक्. खॉक्.

एक खिडकी उघडली. मग दुसरी.

"आली बघ!"

"ए, ती तोंडानं काढतेय!"

"चढाचा काढ, चढाचा!"

शिंपी गळ्यात टेप घेऊन बोळाबाहेर आला आणि बिस्किटांचं उट्टं काढावं तसे पाव घेऊन गेला. मास्तरीणबाई चार मजले उतरून खाली आल्या. "उचकी कमी पडली," म्हणाल्या, आणि एका लादीऐवजी दोन घेतल्या. आजोबांनी आधी गाडी वाकून पाहिली, मग तिचं तोंड, आणि मग पैसे काढले.

क्रेट रिकामे झाले. थोरल्यांनी ते उलटे करून झटकले, चुरा तेवढा पडला.

"पेट्रोल नाही, ऑइल नाही," ते म्हणाले. बोलताना हसू दाबत होते. "घशाच्या गोळ्यांचा खर्च धरावा लागेल."

"धरा भाऊजी," धाकटी म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता.

ही मोटरसायकल मिळाली त्या दिवशी दुकानापासून घरापर्यंत तिने ती ढकलत आणली होती; गाडी चालू झालेली आहे, हे तिला कळलंच नव्हतं.