हाक मारल्याशिवाय कापू नका

मी कुलूप बोलतोय. दाराचं नाही, कपाटाचं नाही, आणि चोराला अडवणारं तर मुळीच नाही. मी विजेला अडवतो. साबणाच्या कारखान्यात लगदा घोटणाऱ्या, माणूस आत मावेल एवढ्या तीन नंबरच्या ड्रमशेजारी भिंतीवर मेन स्विच आहे. त्याच्या दांड्यात मी कित्येक महिने अडकून होतो. अंग लाल, कडी पोलादी, आणि पोटावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: ‘थोरला’.

आमचा नियम साधा आहे. जो माणूस यंत्राच्या आत शिरतो, त्याने आधी स्विच बंद करायचा आणि स्वतःचं कुलूप लावायचं. किल्ली स्वतःच्या खिशात. दोघं आत गेले तर दोन कुलपं, चौघं गेले तर चार. त्यासाठी दांड्याला भोकांची पट्टीच असते. आणि ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. माझ्यासारखी लाल भावंडं एका खोक्यातून आली, पण एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. आम्हाला तसंच घडवलंय.

थोरला पक्का इलेक्ट्रिशियन झाला तेव्हा मी त्याच्या हाती आलो. नाव त्यानेच रंगवलं. अक्षर वाकडं आलं, तर म्हणाला, “असू दे, कुलूप सरळ आहे ना.” मला लावलं की तो दांडा एकदा ओढून बघायचा आणि मग मला एक टिचकी मारायचा. त्या टिचकीचा अर्थ, सांभाळ रे. मी सांभाळायचो.

पुढे त्याचा धाकटा भाऊही त्याच कारखान्यात लागला. शाळा अर्धवट सोडलेला, पण हात चांगला. डोकं मात्र क्षणात उडायचं, म्हणून सगळे त्याला ‘फ्यूज’ म्हणायचे. त्यालाही स्वतःचं कुलूप मिळालं. ते तो कमरेच्या पट्ट्याला लटकवून मिरवायचा आणि लावायला मात्र विसरायचा. थोरला त्याला टपली मारायचा. “अरे, दागिना आहे का तो?”

थोरला राखीव दलात होता. म्हणजे एरवी आपली नोकरी करायची, वर्षातून ठरलेले दिवस जाऊन सराव करायचा, आणि बोलावणं आलं की हातातलं काम टाकून लष्करात हजर व्हायचं. सरावाहून तो मान रापवून, टाचा सोलून यायचा, पण खुशीत असायचा. पॅकिंगवाले चिडवायचे, “तिकडे चिखल, इकडे साबण. तुझी सोय बरी लागलीय.”

बोलावणं आलं तेव्हा तो तीन नंबरच्या ड्रममध्ये होता. आतली पाती सैल केली होती, नव्याने बसवायची होती. फोन वाजला, तो बाहेर आला, हात पुसले आणि निघाला. मला काढायला हवं होतं. काम फोरमनच्या ताब्यात द्यायला हवं होतं. घाईत राहून गेलं. स्टेशनवरून त्याने फोरमनला फोन केला. “पाती सैल आहेत, ड्रम चालू करू नका. कुलूप राहू दे, मी येऊनच काढतो.”

तो आला नाही. सरहद्दीकडच्या घाटात त्यांची गाडी दरीत गेली.

लोक धाकट्याला विचारायचे, गोळी लागली का रे? तो म्हणायचा, नाही, गाडी उलटली. हे सांगताना त्याला लाज वाटायची. मग लाज वाटली म्हणून स्वतःचाच राग यायचा, आणि तो राग कुठे ठेवायचा ते त्याला कळायचं नाही. येता-जाता माझ्यासमोर उभा राहायचा. मला टिचकी मारायला बोट पुढे करायचा आणि मागे घ्यायचा.

माझी किल्ली थोरल्याच्या सामानाबरोबर घरी आली. त्याच्या बायकोने, धाकट्याच्या वहिनीने, ती आपल्या जुडग्यात अडकवली. किल्ली घरी आणि मी भिंतीवर, तरी आमचे कान एकच. तिने ऐकलं ते मीही ऐकलं.

एका संध्याकाळी धाकटा घरात आला आणि बूट न काढताच बोलला. “शनिवारी राखीव दलाच्या केंद्रावर जातोय. नाव घातलंय. दादाच्या जागी.”

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. घातलेली घडी तिने उलगडली आणि परत घातली. “कुणाला विचारून?”

“दादाने कुणाला विचारलं होतं?”

“मला,” वहिनी म्हणाली. “वर्षभर विचारत होते. जेवताना विचारायचे, चालताना विचारायचे. मी वैतागून म्हटलं, जा बाबा एकदाचे. तुम्ही किती विचार केलात, भावजी?”

“विचार काय करायचा त्यात?”

“एक दिला मी,” आई म्हणाली. “आता काय, हप्त्याहप्त्याने द्यायचे?”

धाकट्याने वाकून बूट काढले. पण वाद सोडला म्हणजे बेत सोडला असं नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्याने वेगळाच विषय काढला. “वहिनी, ती लाल कुलपाची किल्ली द्या. फोरमन मागतोय. ड्रम किती दिवस बंद ठेवणार?”

वहिनीने जुडगा मुठीत धरला. “नाही. ते येऊन काढणार होते ना? मग राहू दे तसंच.”

धाकट्याने तिच्या मुठीकडे पाहिलं आणि पुढे काही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी फोरमनला त्याने सांगून टाकलं, “किल्ली दादाबरोबरच गेली.”

खोटं बोलला, पण वहिनीसाठी. मी भिंतीवर लटकत ते ऐकलं आणि पुढचं ओळखलं. कारण किल्ली नसलेल्या कुलपाला एकच वाट उरते. त्याला कापायचं.

फोरमनने टाळत टाळत दिवस काढले. मग कारखान्याच्या इंजिनियरने तगादा लावला. मागणी वाढली होती, दोन ड्रम पुरत नव्हते. सोमवारी कापू, असं ठरलं. धाकट्यालाही तेच सांगितलं. तो हो म्हणाला. सोमवारी आपण कुठे इथे असणार, असंच त्याच्या मनात असणार.

शुक्रवार आला. जेवणाची सुट्टी झाली, सगळे डबे घेऊन बाहेर गेले. धाकटा एकटा मागे राहिला. दादाने अर्धवट सोडलेली पाती जायच्या आधी आपल्या हातांनी बसवायची, असं त्याने ठरवलं. कुणाला सांगितलं नाही. नट आवळायचे पाने घेऊन ड्रमच्या झाकणापाशी आला. कमरेचं कुलूप सोडलं, हातात घेतलं, पट्टीकडे आणलं. माझ्या शेजारी भोकं रिकामी होती. मी जीव तोडून म्हणत होतो, लाव. लाव रे.

त्याने माझ्याकडे पाहिलं. “दादाचं आहे ना,” असं पुटपुटला आणि आपलं कुलूप परत कमरेला अडकवून आत उतरला.

आतून थोडा वेळ पान्यांचा आवाज आला. मग तोही थांबला. मला वाटतं, दादाने सोडलेला नट त्याच्या हाताला लागला असावा. नंतर नुसतं दबकं हुंदकणं ऐकू येत होतं. पोकळ लोखंडात ते घुमायचं.

आणि तेवढ्यात फोरमन आणि इंजिनियर आले. फोरमनच्या खांद्यावर लांब दांड्यांचा कटर होता.

“सोमवारी म्हणालो होतो ना, साहेब.”

“आता शेड रिकामी आहे. त्या पोरासमोर कापण्यापेक्षा हे बरं नाही का?”

फोरमनला ते पटलं. वाईट माणसं नव्हती ती. धाकट्याला ते दृश्य बघायला लागू नये, म्हणून तर ती त्या वेळी आली होती.

फोरमनने झाकणापाशी वाकून विचारलं, “आत कोणी आहे का?”

हुंदका थांबला. धाकटा ड्रमच्या मधल्या जाड आसाआड बसला होता, अंधारात. फोरमनचा आवाज त्याने ओळखला. पण डोळे लाल झालेले, आणि न सांगता-सवरता आत आलेला. फोरमन जाईल, मग निघू, असं त्याला वाटलं. भीती कसली? बाहेर दादाचं कुलूप होतं. कटर त्याला दिसत नव्हता, आणि झाकणापासून दूरचं बोलणं आत नीट पोचत नव्हतं.

“कोणी नाही,” इंजिनियर म्हणाला. “आधी नुसता फिरवून बघू, कुठे अडतोय का ते कळेल. तुम्ही कापा, मी दांडा वर करतो.” आणि त्याने हात स्विचच्या दांड्यावर ठेवला.

कटरचे जबडे माझ्या कडीवर बसले. मी आयुष्यभर एकच काम केलं होतं, बंद राहायचं. इतक्या जोराने मी कधी बंद राहिलो नव्हतो. फोरमनने ताकद लावली. पहिला चावा बसला, कडीत खाच पडली. मी ओरडू शकत नाही. लोखंड करकरलं, तेवढंच.

दुसऱ्या चाव्यासाठी फोरमनने पाय रोवले. आणि थांबला.

“पुकारायचं राहिलं.”

“काय?”

“कुलूप कापायच्या आधी मालकाला हाक मारतात, साहेब. तीन वेळा.”

“अहो, तो माणूस गेलाय.”

“ते मला नका सांगू. त्याला खांदा मी दिलाय.” फोरमनने कटर खाली टेकवला. “पण न पुकारता मी आजवर कापलेलं नाही. ऐकायला वेडेपणा वाटेल तुम्हाला.”

त्याने तोंडाला हात लावला आणि रिकाम्या शेडमध्ये हाक दिली. “थोरल्या!”

आवाज पत्र्यावर आदळून परत आला.

“थोरल्या!”

इंजिनियरने दांड्यावरचा हात काढला नव्हता.

तिसऱ्या वेळी फोरमनचा आवाज फाटला. “थोरल्या रे!”

आणि ड्रमच्या पोटातून उत्तर आलं.

“ओ.”

इंजिनियरचा हात विस्तवावर पडल्यासारखा मागे आला. फोरमन तिथेच खाली बसला. झाकणातून आधी दोन हात आले, मग धाकट्याचं डोकं, सगळं ग्रीसने माखलेलं. त्याने कटर पाहिला. माझ्या कडीवरची खाच पाहिली. मग कुठे त्याला कळलं.



“तुझं कुलूप कुठाय?” फोरमनने विचारलं.

धाकट्याने कमरेकडे बोट दाखवलं.

“का नाही लावलं?”

“दादाचं होतं ना.”

“दादाचं कुलूप दादासाठी होतं, गाढवा.” फोरमन हात झाडत उठला. त्याने मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असा धाकट्याचा चेहरा झाला. “आणि ओ का दिलीस? तुला हाक मारली होती?”

“माहीत नाही. घरात त्याला हाक मारली की मीच ओ द्यायचो. लहानपणी. तो अभ्यासाला बसलेला असायचा.”

त्या संध्याकाळी धाकट्याने घरी काही लपवलं नाही. आईने त्याला समोर बसवून त्याचे दोन्ही हात दाबून पाहिले, जसं बाजारातून आणलेली वस्तू फुटली तर नाही ना बघतात. वहिनी ऐकत उभी होती. तिच्या मुठीत किल्ली घामाने ओली झाली.

“माझ्या हट्टाने झालं असतं,” ती म्हणाली.

“माझ्या खोटेपणाने झालं असतं.”

“दोघांच्याही. भावजी, तुम्हाला जायचं तर जा, मी आडवी येणार नाही. पण त्यांच्या जागी म्हणून जाऊ नका. ती जागा माझ्याजवळही रिकामी आहे. मी कुठे भरतेय?”

धाकट्याने मान खाली घातली.  

शनिवारी सकाळी वहिनी त्याच्याबरोबर कारखान्यात आली. फोरमनने नियम सोडला नाही. मला काढायच्या आधी त्याने पुन्हा तीन हाका मारल्या. पहिली. दुसरी. धाकटा माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तिसऱ्या हाकेला त्याचे ओठ हलले. पण त्याने ते दाताखाली दाबले आणि ओ दिली नाही.

शेडमध्ये कोणीच ओ दिली नाही. ती शांतता सगळ्यांनी उभ्याने ऐकली.

मग वहिनीने किल्ली फिरवली. खाच पडलेली कडी जरा अडली, आणि सुटली.

तिथून धाकटा थेट केंद्रावर गेला. मी त्याच्या खिशात होतो. रांगेत पोरं छाती काढून उभी होती. टेबलामागे पिकल्या मिशांचा हवालदार.

“बोल.”

“नाव काढून टाका माझं.”

हवालदाराने वर पाहिलं. “घाबरलास?”

खिशात त्याची मूठ माझ्याभोवती आवळली. कालचा धाकटा असता तर टेबल उलटलं असतं. “हो,” तो म्हणाला. “आणि मला यायचंय का, हेच मी कधी बघितलं नव्हतं. भावाच्या जागी येत होतो.”

हवालदाराने नावावर रेघ मारली. “न घाबरणाऱ्यांची आम्हालाच भीती वाटते. बघून झालं आणि तरी यावंसं वाटलं, तर ये. भरती दरवर्षी असते.”

“या वर्षी नाही,” धाकटा म्हणाला, आणि दुपारच्या पाळीला कामावर गेला. तीन नंबरच्या ड्रममध्ये पाती बसवायची राहिली होती. त्याने आधी आपलं कुलूप लावलं, दांडा ओढून पाहिला आणि कुलपाला एक टिचकी मारली. मी खिशात होतो, हे मला त्या कुलपानेच नंतर सांगितलं.

आता मी घरी असतो, दाराशेजारच्या खिळ्यावर. कडीवर खाच आहे, त्यामुळे कामाला निकामी. किल्ली माझ्यातच अडकवलेली आहे. धाकटा कामाला निघताना कधी माझ्याकडे बघतो, कधी बघत नाही. बघत नाही तो दिवस मला बरा वाटतो.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. गेलेल्या माणसावर जीव असेल तर त्याला हाक मारत राहा, पण त्याच्या नावाने ओ देऊ नका. आणि त्याच्या कुलपाच्या भरवशावर कुठे आत उतरू नका.

एखादवेळी वहिनी झाडताना थांबते आणि सवयीने मला बंद करायला हात पुढे करते. कुलपाने असं मागणं शोभत नाही, पण मागतो. मला आता उघडंच राहू द्या.