उशिरा फिरवलेलं रक्त

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. पीएचडी झाल्यावर पुढच्या संशोधनासाठी ती इथे आली, त्याला बरीच वर्षं झाली होती. कर्करोगात डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदलतात. त्या खुणा साध्या रक्तात सापडतात का, हे ती शोधत होती. सापडत नव्हत्या. आणि आत्ताआत्ता आलेल्या नव्या मुलीला मात्र सापडल्या!

"ताई, बघ तरी हिचा आलेख!" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचे पाय जमिनीवर नव्हते.

ताईने बघितला. रुग्ण एकीकडे, निरोगी माणसं दुसरीकडे. तिचा नुसता जळफळाट झाला.

घरी ती दणादण भाजी चिरत होती.

"भाजीने काय घोडं मारलंय तुझं?" नवऱ्याने विचारलं.

"दवाखान्यातून नमुने यायची सोय मी लावलेली, पद्धत मी बसवलेली, आणि कौतुक तिचं!"

"मग तुला अभिमान वाटायला हवा."

"तू गप्प बस."

मग ती चूक शोधायलाच बसली, आणि सापडलीही. निरोगी माणसांचं रक्त इथेच घेतलेलं, रुग्णांचं मात्र लांबच्या दवाखान्यातून यायचं. ते यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करायला उशीर व्हायचा, तोवर पेशी फुटून त्यांचा डीएनए रक्तद्रवात मिसळायचा. आलेखातला फरक रोगाचा नसून उशिराचा असू शकत होता.

नवी शेजारच्याच टेबलाशी बसायची. ताई तिला काही बोलली नाही. भर बैठकीत तिने विचारलं, "या नळ्या किती वेळ पडून होत्या, बघितलंस कधी?"

नवीचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडमनी चष्मा काढला. ताईला आतून गारगार वाटलं.

नंतर जिन्यात नवीने तिला गाठलं. डोळे लाल होते. "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतंत. पण छापून आल्यावर कळलं असतं, तर मी मेलेच असते."

ताई घाईने पायऱ्या उतरून गेली.

नवी स्वतः दवाखान्यात जाऊन बसू लागली. रक्त घेतलं की तिथेच फिरवायची. बहुतेक खुणा गळाल्या, पण मोजक्या टिकल्या. त्या अस्सल होत्या. शोधनिबंध स्वीकारला गेला तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "ताईंनी टोकलं नसतं, तर हे खोटंच निघालं असतं."

टाळ्या पडल्या. ताई कसनुसं हसली. पाडायला गेली होती, आणि तिनेच नवीला वर चढवलं होतं.

"आता हेच खूप जास्त रुग्णांवर तपासायचंय. दवाखान्यात माझ्याबरोबर याल?" नवीने विचारलं.

"बघते," ताई म्हणाली.

आतली आग काही विझली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात ती नवीच्या आधीच जाऊन उभी होती.