शंभर टक्के हजेरी

कॉलेजातल्या नऊ प्राध्यापकांचं सहा दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण दरवर्षी एकटी संध्याच उरकायची. ती ऑफिसात क्लार्क होती. लॅबमधल्या नऊ कॉम्प्युटरवर नऊ जणांची नावं चढवायची, रोजचे हजेरीचे फॉर्म भरायचे आणि शनिवारी अभिप्राय लिहायचा: खूप शिकायला मिळालं.

यंदा मंगळवारी दुपारी निशांत सर स्टाफरूममध्येच हार्ट अटॅकने गेले. बुधवारी संध्या त्यांच्या जुईनगरच्या घरी जाऊन रडून आली, आणि परतल्यावर सवयीने नऊच्या नऊ फॉर्म भरून मोकळी झाली. शनिवारपर्यंत तसंच चाललं.

प्रमाणपत्रं आली, त्यात निशांत सरांचंही होतं. संध्या ते फाडणार, तोच प्राचार्य खेकसले, "डोकं फिरलंय का? तपासणीच्या कमिटीला नऊ जण दाखवायचेत. लाव फाईलला."

फाईल उघडीच होती, तेवढ्यात सरांची बायको ऋता कागदपत्रं न्यायला आली. तिने प्रमाणपत्र वाचलं. हजेरी शंभर टक्के, शनिवारपर्यंत.

"मंगळवारी सकाळी त्यांच्या छातीत दुखत होतं," ती संध्याला म्हणाली. "रजेसाठी फोन केला, तर तुम्हीच म्हणालात, प्रशिक्षण चालू आहे, रजा टाकू नका, हजेरी बिघडेल."

संध्याने फाईल मिटायला घेतली.

"हजेरी तर तुम्हीच लावत होतात ना?"