तिसरी गाठ

सुळक्याच्या पायथ्याशी नणंदेने भावजयीला कमरेच्या दोराची गाठ दोनदा सोडायला लावली. नणंद शिवणकाम करणारी. प्रत्येक टाका ओढून बघायचा आणि नाक मुरडायचं, ही तिची हाडाची सवय. भावजय मुकाट्याने तिसऱ्यांदा गाठ मारून चढू लागली. खालून दोर धरलेल्या नणंदेच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. "पाय नीट रोव! घाई कसली?"

शेवटचा कडा अगदी अंगावर आला. भावजय एका खाचेत बोटं रुतवून लटकली, आणि खाली एकदम सामसूम.

"ताई, गप्प का झालात? काही चुकतंय का माझं?"

"तेच शोधतेय कधीची!" नणंद करवादली. "सापडेल तर शपथ!"

हे ऐकल्यावर भावजयीने पुढचा हात न चाचपडता थेट माथ्यावरच टाकला.