मधल्या केंद्रातला चोर

"चोरबाई, तेवढा मधला चोर काढून टाका," सर दारातूनच म्हणाले. "दुपारी पाहुणे येतायत."

ऑफिसात तिला सगळे चोरबाईच म्हणत. दोन रुग्णालयांमध्ये प्रकाशाच्या कणांवरून पेशंटच्या माहितीच्या कुलपाची गुप्त किल्ली पाठवणारं जाळं उभं राहणार होतं. ते आधी संगणकावर लुटुपुटीचं चालवायचं आणि त्यात चोरी करून बघायची, हे तिचं काम. वाटेत कुणी डोकावलं की कण बिघडतात, चुका वाढतात आणि चोर सापडतो. पण अंतर लांबचं, म्हणून मध्ये एक केंद्र होतं. तिथे किल्ली उघडून नव्याने पुढे धाडत. त्या केंद्रात बसवलेला तिचा चोर सगळं वाचत होता आणि पडद्यावर एकही चूक दिसत नव्हती.

"सर, खरी चोरी तिथेच होते."

"अहो, ते केंद्र आपलंच आहे. आपल्याच माणसावर कसला संशय घेता?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलाच माणूस! बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा फोन दादाच उचलायचा. 'बाबा म्हणतात, काम टाकून येऊ नकोस,' असं इतक्या मायेने सांगायचा की तिला कधी शंकाही आली नाही. बाबा गेल्यावर वहिनी बोलून गेली. ते रोज विचारायचे, ती कधी येणार? आणि दादा सांगायचा, तिला वेळ नाही. एकदा तरी जीभ अडखळायची होती त्याची!

"मी काढणार नाही," ती म्हणाली.

मग सरांनी स्वतःच काढला.

दुपारी पडदा हिरवागार होता, म्हणजे चूक एकही नाही. रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "म्हणजे आमच्या पेशंटची माहिती कुणीच वाचू शकणार नाही?"

"कुणाची बिशाद आहे!" सर हसले.

"माझी," ती मागून म्हणाली.

सरांनी डोळे वटारले. ती तरातरा पुढे गेली आणि चोर पुन्हा जागेवर बसवला. पडदा हिरवाच राहिला. खाली चोराच्या हाती लागलेली किल्ली उमटली, अगदी जशीच्या तशी.

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. "त्या केंद्रात कोण बसणार आहे?"

सरांनी घाईघाईने पडदा बंद केला. पाहुणे गेल्यावर ते तिच्याकडे वळले. "उद्यापासून येऊ नका."

चहाचा कप आणि स्वेटर पिशवीत कोंबून ती जिना उतरत होती, तेवढ्यात दादाचा फोन आला.

"आई मजेत आहे गं. म्हणते, उगाच धावपळ करू नकोस."

"आईला दे."

"अगं, आत्ताच पडलीये ती."

"मग उठव."

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"नाही."

तो काहीबाही पुटपुटला. मग बऱ्याच वेळाने चपला फरफटत आल्याचा आवाज आला.

"मिळाला होय गं तुला वेळ?" आई म्हणाली.

ती तिथेच पायरीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"मिळाला," ती म्हणाली. "निघालेच मी."