अठ्ठावीस किलोची पुली

माझी बायको आक्काताई गेली हे मला कुपवाडच्या कारखान्यात कळलं. जानेवारीतला मंगळवार होता. ती दोन दिवसांसाठी साताऱ्याला बहिणीकडे गेली होती. साडेअकराला साडूंचा फोन आला. म्हणाले, "चहा पिता पिता बसल्या जागी गेली." लेथवर अठ्ठावीस किलोची पुली चढवलेली होती. मी मशीन बंद केलं, पुली तशीच ठेवली आणि साताऱ्याची एसटी धरली.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी शिवांजली पुण्याला नोकरीवर परत गेली आणि सांगलीच्या घरात मी एकटा राहिलो.

मला सिलिअ‍ॅकचा आजार आहे. गहू पोटात गेला की आतडं सुजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हे शोधलं आणि चपाती, पाव, रवा, शेवया सगळं बंद केलं. तेव्हा मी बावन्न किलोचा होतो. आक्काताईच्या ज्वारीच्या भाकरीवर एकसष्टचा झालो. पीठ कुठून येतं, कसं येतं, हे मी कधी विचारलं नाही. पिठाचा डबा भरलेला असायचा.

फेब्रुवारीत तो डबा संपला. मी ज्वारी विकत आणली आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत दिली. भाकरी करायला शिकलो. पण पोट बिघडायला लागलं आणि वजन उतरायला लागलं. दुःखानं होत असेल असं मला वाटलं, सगळेही तेच म्हणाले. मे महिन्यात मी एकोणपन्नास किलोवर आलो. एकदा पुली चढवताना हातातून सटकली आणि माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर पडली.

फोरमन मानसिंगनं दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेतलं.

"नाथा, तू गेटवर बस. सावली हाय, खुर्ची हाय, रेडिओ हाय."

"मला मशीन पायजे."

"पुली पेलतीय का तुला? मालकांनी बघितलं सगळं. पाय गेला असता म्हंजे?"

"सव्वीस वर्सं झाली त्या मशीनवर."

मानसिंग वाईट माणूस नाही. त्यानं मालकांशी बोलून मुदत मिळवली. म्हणाला, "खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपल्या मशीनची पूजा करायची. त्या दिवशी पुली एकट्यानं चढीव. चढली तर मशीन तुझं. न्हाईतर त्याच्यापुढं नारळ दुसरा फोडंल."

मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, अंगावर मांस चढवायचं तर रोज सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे. मी कामाला लागलो. सकाळी चार अंडी, डब्यात मुगाची नाहीतर मटकीची उसळ, दुपारी वाटीभर दही, संध्याकाळी घट्ट तुरीची डाळ आणि मूठभर शेंगदाणे. बुधवारी आणि रविवारी कोंबडी. धैर्यशील म्हणून आमच्यातला एक ड्रिलिंगवाला जिमला जातो. तो मला नानू म्हणतो. माझा डबा बघून म्हणाला, "नानू, लगीन ठरलंय काय तुमचं?"

महिनाभर असं खाल्लं. वजन अठ्ठेचाळीस झालं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "गहू खाताय तुम्ही."

"कणभर न्हाई साहेब."

"रिपोर्ट सांगतोय. आतडं सुजलंय, मग अंडी खाऊन काय उपयोग? ज्वारी कुठं दळता?"

मी गिरणीचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. दिवसभर ज्या दगडावर गहू दळतात त्याच दगडावर माझी ज्वारी. माझ्या भाकरीत चार महिने गहू जात होता.

तिथून उठून मी सरळ गिरणीत गेलो. गिरणीचा मालक लालासाहेब ओळखीचा. त्याला विचारलं, "आमची मंडळी ज्वारी कवा आणायची? सकाळी पयल्यांदा आणायची का?"

"वहिनी? वहिनींनी हितं ज्वारी कवा आणलीच न्हाई. अंबूबाईंच्यात जायच्या न्हवं का? मला वाटलं तुमास्नी म्हाईत असंल."

अंबूबाई आमच्या घरापासून चौथ्या दारात राहतात. ऐंशीच्या पुढच्या आहेत. घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. मी विचारलं तशा हसायला लागल्या.

"चार वर्सं तुझी बायकू माज्या जात्यावर दळत व्हती. एक दिसाआड. तुला ठावं न्हाई?"

"न्हाई, आत्ती. मी कामावर असायचो."

"माज्या जात्यानं गहू बघितलाच न्हाई रं कवा. तिनं आदी त्येच इच्यारलं, आन् मग बसली."

"मला का सांगितलं न्हाई तिनं?"

"तू नगं म्हनला असतास. लोक म्हनत्याल, बायकूला जात्याला जुपलंय. म्हनून गप बसली." मग माझ्याकडे वरून खाली बघून म्हणाल्या, "आनि तू काय खातूयास? नुसत्या काड्या झाल्यात हाताच्या."

मी तिथंच खाली बसलो. त्यांनी चहा केला.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ज्वारी घेऊन गेलो. गिरणीच्या पिठाचा कणही राहू नये म्हणून घरचे जुने डबे, सूप, परात सगळं टाकून नवं घेतलं होतं. जात्याचा खुंटा धरला आणि दहा फेऱ्यांत दम लागला. अंबूबाई दारात बसून सांगत होत्या.

"मूठ मूठ टाक. पोतं वततोयास व्हय?"

बोळातल्या बायका बघायला आल्या. एकजण म्हणाली, "आवं, बाप्या मानूस दळतंय." अंबूबाई म्हणाल्या, "दळतंय म्हंजे खातंय. तुझा दळतोय का?" त्यानंतर कोणी आलं नाही.

पंधरा दिवसांत पोट शांत झालं. जुलैत काटा पन्नासवर आला. तीच अंडी, तीच उसळ, पण आता ते अंगी लागायला लागलं. ऑगस्टमध्ये मी सव्वा किलो ज्वारी न थांबता दळायला लागलो, कधी उजव्या हातानं, कधी डाव्या. धैर्यशीलनं जेवणाच्या सुट्टीत मला उचलायला शिकवलं. म्हणायचा, "नानू, पाठीनं न्हाई, मांडीनं उचला." आधी दहा किलोचा लोखंडाचा तुकडा, मग पंधरा, मग बावीस. गणपतीच्या पंगतीत मी माझा डबा घेऊन बसायचो. लोकांना वाटायचं मी रुसलोय.

खंडेनवमीला कारखाना धुऊन काढला होता. प्रत्येक मशीनला झेंडूची माळ होती, माझ्या मशीनला नव्हती. मानसिंगनं पुली जमिनीवर ठेवली. मालक दारात उभे राहिले. सगळे हातातलं काम टाकून आले.

मी पाय रोवले, गुडघ्यात वाकलो आणि पुली धरली. मांडीवर घेतली, तिथून छातीशी. दोन पावलं टाकून पुली मशीनच्या चकात, म्हणजे पकडायच्या जबड्यात, बसवली, एका हातानं पेलून धरली आणि दुसऱ्या हातानं चावी आवळली. मग मशीन चालू केलं. पुली फिरली आणि जरासुद्धा डगडगली नाही.

मग मालक म्हणाले, "माळ कुठाय याची?" धैर्यशीलनं ती पाठीमागं लपवून धरली होती. माझ्या हातात दिली. मानसिंगनं नारळ पुढं केला.

"फोड की. का त्यो बी मीच उचलू?"

मी नारळ फोडला. पहिल्याच दणक्याला दोन भकलं झाली. त्या दिवशी सगळ्यांनी मला खांद्यावर हात टाकून चहाला नेलं. घरी येऊन मी अंबूबाईंना पेढे दिले. त्यांनी माझा दंड दाबून बघितला, आणि म्हणाल्या, "आता हाय जरा मानसागत."

आता मी मशीनवर आहे. वजन सत्तावन्न आहे, डॉक्टर साठ म्हणतात. हा आजार आईबापाकडून मुलांत येऊ शकतो असंही ते म्हणाले. शिवांजलीला मी तीनदा फोन केला. ती दर वेळी पुढच्या महिन्यात म्हणते. तिची रक्ततपासणी अजून झालेली नाही.